बघण्याचा कार्यक्रम, दर रविवारी

जळालेलं मशीन घेऊन येणारा माणूस दुकानाची पायरी चढतानाच सांगायला लागतो, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं." हडपसरला मी इतकी वर्षं वाइंडिंगचं दुकान चालवलं, पण "माझ्या हातून जरा जास्त रेटलं गेलं" असं कबूल करणारं गिऱ्हाईक काही मला भेटलं नाही. मशीन मात्र खोटं बोलत नाही. झाकण उघडलं की वास येतो. पाणी शिरलेल्या मोटरचा वास वेगळा, वर्षानुवर्षं दमून गेलेलीचा वेगळा आणि काँक्रीटच्या भिंतीवर दुपारभर दाबून धरलेल्या ड्रिलचा वेगळा. मी वास घ्यायची, गिऱ्हाइकाकडे बघायची आणि म्हणायची, "बरं. आपोआप."

वाइंडिंग म्हणजे काय, ते आधी सांगते. मिक्सर असो, ड्रिल असो, ग्राइंडर असो, त्याच्या पोटात खाचा पाडलेला एक लोखंडी दांडा फिरत असतो. त्याला आर्मेचर म्हणतात. त्या खाचांमध्ये तांब्याची बारीक तार वेढलेली असते आणि तारेवर लाखेसारखा पातळ मुलामा असतो. मशीन जास्त तापलं की तो मुलामा जळतो, तारेला तार चिकटते आणि कारभार आटोपतो. मग जुनी तार उपसायची, वेढे मोजायचे, खाचांत नवा कागद घालायचा, तेवढ्याच जाडीची नवी तार तेवढेच वेढे घालून भरायची, वार्निश पाजायचं आणि भट्टीत वाळवायचं. एखादा वेढा चुकला तरी मशीन चालतं, पण थरथरत चालतं. गिऱ्हाइकाला ते कळत नाही. आपल्याला कळतं, आणि रात्री झोप लागत नाही.

मी ह्यात आले ती लग्नामुळे. माझं माहेर मांजरीचं, शेतकऱ्याचं घर. आमचे हे विजेच्या मोटरच्या कारखान्यात वाइंडिंग खात्यात होते. नव्या आर्थिक धोरणाचे वारे आले, तयार मोटरी बाहेरून स्वस्तात मिळायला लागल्या, आणि कंपनीने ते खातंच बंद केलं. ह्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यात इच्छा कोणाची होती ते विचारू नका. मग दुकान टाकलं. विहिरीवरच्या पंपाचं जड काम ह्यांच्याकडे आणि छोट्या मशीनचं माझ्याकडे, अशी वाटणी झाली. बारीक तार बारीक बोटांचं ऐकते. पुढे विहिरीच बुजल्या आणि त्यांच्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या. पंप गेले, मिक्सर आले, आणि मिक्सरच्या मागोमाग हौशी लोकांची ड्रिल मशीनं आली. ह्यांची वाटणी आटली, माझी फुगली. ह्यांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. उलट बाहेर सांगायचे, "मी हल्ली बायकोकडे नोकरीला आहे."

ह्या हौशी लोकांतले पहिले म्हणजे दातारकाका. फातिमानगरला राहायचे. एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. टूलरूम म्हणजे जिथे मशीनचे साचे आणि हत्यारं घडतात ती जागा, आणि तिथली माणसं केसाच्या जाडीवरून भांडतात. काका एका रविवारी जुन्या बाजारातून घेतलेलं जळकं ड्रिल पिशवीतून घेऊन आले. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "आपोआप बंद पडलं का?"

"बंदच घेतलं," ते म्हणाले. "चालू स्थितीतली वस्तू काय, कोणीही घेईल."

त्याच वेळी रशीदभाई आपला ग्राइंडर न्यायला आले होते. रशीदभाईंचं गाडीतळाजवळ दुचाकीचं गॅरेज. त्यांनी ड्रिल हातात घेतलं, पुढचा जबडा, म्हणजे चक, फिरवून पाहिला आणि म्हणाले, "काका, माल अस्सल आहे. असं बिडाचं अंग आता बनत नाही." झालं. दोघं दारातल्या बाकावर बसले ते जेवायच्या वेळेपर्यंत उठले नाहीत. पुढच्या रविवारी काका दुरुस्त ड्रिल न्यायला आले, आणि रशीदभाई काही काम नसताना आले. बरोबर नवा सॉकेट सेट होता. मी गिऱ्हाइकाचं सामान ठेवायच्या टेबलावर धुतलेलं फडकं अंथरलं, त्यांनी पेटी उघडली. काकांनी ती चकाकणारी रांग पाहिली आणि म्हणाले, "हा पान्यांचा सेट आहे की दिवाळीच्या फराळाचं ताट?"

तेव्हापासून दर रविवारी हा बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलेलं. मुलगी दाखवतात तशी वस्तू फडक्यावर यायची, चहा व्हायचा, कधी पोहेही व्हायचे. वस्तू हातोहात फिरायची. कोणी पाठीवर थाप मारायचं, कोणी खोड काढायचं. रशीदभाईंनी टॉर्क पाना आणला त्या दिवशी तर ते स्वतःच लाजले होते. हा पाना नट किती घट्ट झाला ते आपणहून सांगतो. "आजवर मनगटाने सांगायचं ते," ते म्हणाले, "पण आता गाड्याच अशा नाजूक आल्यात की मनगटाचं कोणी ऐकत नाही."

मग प्रफुल्ल आला. वर्ध्याकडचा मुलगा, आयटीत नोकरी, मांजरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा. त्याने बॅटरीवरचं ड्रिल घेतलं होतं, सोबत भोकं पाडायच्या इतक्या बिट की पेटी उचलवेना. भिंतीवर आईवडिलांचा एक फोटो लावायचा होता म्हणे.

"लावला का?" मी विचारलं.

"नाही ना ताई. घरमालक खिळा ठोकू देत नाही."

"मग ड्रिल काऊन घेतलं?" काकांनी त्याच्याच बोलीत विचारलं, आणि प्रफुल्ल असा हसला की तो त्या दिवसापासून आमचाच झाला. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून जे करतो ते हाताला लागत नाही, असं तो एकदा म्हणाला होता. "एखादी जड वस्तू हातात घेतली की बरं वाटते."

आता खरी गोष्ट सांगते. एका वर्षी दातारकाका मापाची हत्यारं घ्यायला लागले. आधी जाडी मोजायचा, घड्याळासारखी तबकडी असलेला व्हर्निअर आणला. मग मोठ्या काट्याचं डायल आणलं. मग आकडे उमटणारा, बॅटरीवरचा व्हर्निअर. ज्या माणसाकडे कारखान्यातून आणलेलं मापाचं एक सोडून दोन पेट्या सामान होतं, त्याला एवढी मापं कशाला लागतात ते मला कळेना. ते वस्तू फडक्यावर ठेवायचे, प्रफुल्लच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वाचा बघू. कॉलेजात शिकवलं होतं ना?" प्रफुल्ल वाचायचा. काका म्हणायचे, "छान. पास." आम्हाला वाटायचं, परीक्षा घेतायत.

पण मी बारकावे बघायच्या धंद्यातली बाई. काका हल्ली समोर बघून बोलत नाहीत, मान जराशी वळवून बोलतात, हे माझ्या ध्यानात आलं. दाणे टिपणारी चिमणी बघते तसं बघतात. कपाची बशी टेबलाच्या कडेवर अर्धी बाहेर ठेवतात. मनाशी म्हटलं, वय झालं. दुसरं काही म्हणायचं मला सुचलं नाही, की सुचवून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

एका रविवारी रशीदभाई बोथट झालेली ड्रिलची बिट घेऊन आले. बिटला धार लावणं ही काकांची खासियत. दगडी चाकावर बिटचं टोक टेकवून मनगट असं फिरवायचे की आम्ही बोलणं थांबवून बघत राहायचो. काकांनी ग्राइंडर चालू केला. चाकासमोर हात टेकवायला एक लोखंडी टेकू असतो. त्यांचा हात त्या टेकूवर आला नाही. टेकू सोडून बाजूने, थेट चाकाकडे निघाला, आणि त्यांची मान मात्र रस्त्याकडे वळलेली. मी भिंतीवरचा मेन स्विच पाडला आणि त्यांचं मनगट धरून मागे ओढलं.

वीज गेली तरी दगडी चाक लगेच थांबत नाही. ते बराच वेळ आपल्या गुर्मीत फिरत राहतं. 

"वहिनी, लाइट गेली की तुम्ही घालवली?" काकांनी विचारलं.

"मी घालवली."

"कारण?"

"तुमची बोटं चाकाला लागणार होती."

"तुमच्या जन्माआधीपासून मी बिटला धार लावतोय," ते म्हणाले.  त्यांनी पिशवी उचलली, बाहेर जाऊन स्कूटरला किक मारली आणि ते गेले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं. हा माणूस दर रविवारी सोलापूर रस्त्यावरून, ट्रक आणि बसच्या गर्दीतून स्कूटरवर येतो-जातो.

मी काही बोलायच्या आत रशीदभाईंनी आपली गाडी काढली आणि ते मागोमाग गेले. परत आले तेव्हा ते बाकावर नुसते बसून राहिले. मी पाणी दिलं.

"काका घरी पोचले," ते म्हणाले. "पण वहिनी, सिग्नलला ते दिव्याकडे बघतच नाहीत. शेजारची गाडी थांबली की थांबतात, ती हलली की हलतात. आवाजावर चालवतायत."

रशीदभाईंनी तोडगा सुचवला. स्कूटर सर्व्हिसिंगला मागून घ्यायची आणि पार्ट मिळत नाही म्हणून परतच द्यायची नाही. प्रफुल्ल म्हणाला, "त्यांना कळणार नाही का?" कोणता पार्ट कुठे मिळतो हे पुण्यात ज्याला पाठ आहे, त्याला असं फसवणं म्हणजे त्याचा अपमान. शेवटी मीच म्हटलं, मी जाते.

सोमवारी दुकान ह्यांच्यावर सोपवून मी फातिमानगरला गेले. दार काकूंनी उघडलं. ठेंगण्या, गोऱ्या, बोलक्या. मी दुकानाचं नाव सांगताच म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे आमच्या सवतीचं माहेर! या, बसा." काका बाल्कनीत असल्याचं त्यांनी सांगितलं आणि चहा टाकता टाकता म्हणाल्या, "हल्ली स्वारी खुशीत आहे हो. पेपर मला मोठ्याने वाचायला लावतात. म्हणतात, तुझा आवाज छान आहे. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा कौतुक झालं."

त्या आनंदाने सांगत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

बाल्कनीत काकांचं टेबल होतं. भिंतीवर हत्यारं टांगलेली, प्रत्येकामागे त्याच्या आकाराची रंगाने काढलेली रेघ. काका स्टुलावर बसले होते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "पायांच्या आवाजावरून ओळखलं. बसा. मला रागवायला आला आहात."

"विचारायला आले आहे. काय दिसतं तुम्हाला?"

त्यांनी टेबलाची कड चाचपली. मग म्हणाले, "कडा दिसतात. डॉक्टर म्हणतात, पडद्याचा मधला भाग निकामी झालाय. एक डोळा आधी गेला, आता दुसरा. परत यायचा नाही. आत्ता तुमचे कान दिसतायत, वहिनी. चेहऱ्याच्या जागी पुसल्यासारखं आहे. व्हर्निअर धरला की मी ज्या रेघेकडे बघतो तीच रेघ जाते. शेजारच्या सगळ्या असतात."

"म्हणून नवीन नवीन घेत होतात?"

"दर वेळी वाटायचं, ह्याचा आकडा मोठा आहे, हा दिसेल. दुकानात एक क्षण दिसल्यासारखा वाटायचाही." ते हसले. "माणूस स्वतःला काय काय विकतो."

"आम्हाला सांगायचं तरी. आम्ही काय परके आहोत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत, सांगू? मला बसायला खुर्ची दिली असतीत. चहा हातात दिला असतात. आणि नवी वस्तू आली की ती माझ्या डोक्यावरून एकमेकांना दाखवली असतीत."

 तसंच झालं असतं. मी म्हटलं, "काका, ते नंतर बघू. पण स्कूटर चालवायची नाही. तुमचं काय व्हायचं ते होईल, रस्त्यावर कोणाचं पोर आडवं आलं तर?"

त्यांचा चेहरा आखडला. "किल्ली मागू नका. मी देणार नाही."

"ते देतील कसे?" मागून आवाज आला. काकू चहाचा ट्रे घेऊन बाल्कनीच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. कधीपासून, ते माहीत नाही.  "किल्ली कुठे ठेवली ते त्यांना सापडतच नाही. रोज मीच शोधून हातात देते." त्या आत आल्या, ट्रे टेबलावर ठेवला आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "अहो, उद्यापासून मी नाही शोधणार."

 काकूंनी कप उचलला, काकांचा हात धरून त्यात दिला आणि त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट मिटेपर्यंत आपला हात काढला नाही. मी चहा तसाच टाकून निघाले. माझा तिथे काही उपयोग नव्हता.

पुढचे काही रविवार काका आले नाहीत. फडकं अंथरलं जायचं, पण वस्तू कोणी आणली नाही. रशीदभाई यायचे, बाकावर बसायचे, आणि "गॅरेजला गर्दी आहे" म्हणून लवकर उठायचे. शेवटी प्रफुल्लने नवी घेतलेली गाडी काढली आणि कोणालाही न विचारता फातिमानगर गाठलं. तासाभराने गाडी दुकानासमोर उभी राहिली. पुढच्या दारातून काका उतरले, मागच्या दारातून काकू.

"हा मुलगा म्हणतो, याल तरच मी जेवेन," काका म्हणाले. "वर्ध्याच्या माणसाला उपाशी ठेवायचं पाप कोण घेणार?"

रशीदभाई धावत गॅरेजवर गेले आणि बेअरिंग ओढून काढायचा नवा पुलर घेऊन आले. कित्येक दिवस घेऊन ठेवला होता, दाखवला नव्हता. त्यांनी तो फडक्यावर ठेवलाच नाही. थेट काकांच्या हातात दिला. काकांनी तो सावकाश चाचपला. 

"क्लच दाबायचं हत्यार आहे," काका म्हणाले.

 रशीदभाई माझ्याकडे बघायला लागले.

"चुकलं वाटतं," काका म्हणाले. "सांगा की मग. परीक्षक काय मीच व्हायचं का दर वेळी?"

"पुलर आहे काका," रशीदभाई म्हणाले. "तीन पायांचा. मधे आटे असलेला दांडा. थांबा, तुमचं बोट इथे आणतो." आणि त्यांनी पहिल्यांदाच वस्तू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोलून दाखवली. त्यात अर्धा तास गेला. खरं सांगू, इतकी वर्षं मी पुलर बघत होते, पण त्या दिवशी तो मला पहिल्यांदा कळला.

मग तशीच रीत पडली. जो आणेल त्याने सांगायचं, आणि वस्तू आधी काकांच्या हातात. काकूही यायला लागल्या. मी तार वेढायला बसले की माझ्याशेजारी बसून वेढे मोजायच्या. गप्पांच्या नादात चुकायच्याही, आणि मला परत उपसायला लागायचं. मी कुरकुर केली नाही.

असंच एकदा मोजता मोजता त्या म्हणाल्या, "कमल, आमच्या घरात एवढी हत्यारं, पण ओट्यावर मसाल्याच्या बरण्यांना एक फळी नाही." काकांनी ऐकलं. मान वळवून, कडेने त्यांनी काकूंकडे पाहिलं. 

रशीदभाई म्हणाले, मी येऊन दोन मिनिटांत लावून देतो. प्रफुल्लने आपलं ड्रिल देऊ केलं. काकांनी दोघांना हात जोडले. विजेचं एकही मशीन वापरायचं नाही, असं त्यांनी काकूंना कबूल केलं होतं. जुन्या बाजारात ते प्रफुल्लचा दंड धरून गेले आणि हाताने फिरवायचं ड्रिल घेऊन आले. दाते असलेलं चाक, लाकडी मूठ. पैसे देण्याआधी दुकानदाराच्या दहा वस्तू हाताळून नाकारल्या म्हणे. मग कित्येक दिवस काम चाललं होतं. काकू पट्टी धरायच्या, काका बोटाने माप घ्यायचे. फळीला हाताने भोकं पाडली, भिंतीत छिन्नीने खोबण्या केल्या, त्यांत लाकडी गट्टू ठोकले. "रोज थोडा चुना जेवणात येतो," काकू सांगायच्या, पण तक्रारीच्या सुरात नाही.

फळी लागली तसं आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावणं आलं. आमचे हेही आले. प्रफुल्लने येताना आपली सगळ्यात ताजी खरेदी बरोबर आणली होती. भिंतीवर लाल उजेडाची आडवी रेघ टाकणारं यंत्र. टाइल बसवणारे वापरतात, रेघ अगदी पाण्यासारखी समतल पडते. स्वयंपाकघरात शिरल्यावर उत्साहाच्या भरात त्याने ते ओट्यावर ठेवलं, "काका, हातात नंतर देतो, आधी सांगतो," म्हणाला, आणि बटण दाबलं.

भिंतीभर लाल रेघ उमटली. आणि काकांची फळी तिला तिरकी छेदत गेली. डावीकडे चांगला बोटभर उतार.

प्रफुल्लचा हात हवेतच राहिला. रशीदभाई टोपी काढून डोकं खाजवायला लागले. टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाशी खोटं कोण बोलणार, आणि खरं तरी कोण बोलणार?

"सरळ आहे का?" काकांनी विचारलं. मग पुन्हा विचारलं, "मी विचारतोय, फळी सरळ आहे का?"

"तिरकी आहे," काकू म्हणाल्या.

काकांनी ओठ मिटले. हात पुढे केला, फळीची कड शोधली आणि त्यावरून बोटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली. मग म्हणाले, "हो. डावीकडे गेलीये. वहिनी, तो स्क्रू ड्रायव्हर द्या. काढून परत लावतो."

मी ओट्यावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला. काकूंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पोळपाटामागे सारून ठेवला.

"काही काढायची नाही," त्या म्हणाल्या. "तिरकी आहे, पण आहे." आणि त्यांनी मोहरीची बरणी फळीवर ठेवली, मग जिऱ्याची, मग हळदीची.

प्रफुल्लने पुढे होऊन यंत्र बंद केलं.